प्रारंभिक संख्याशास्त्रातील काय-वर्ग कसोटी व प्रचरण विश्लेषण : आणे पठाराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रे, वाणिज्य व शिक्षणशास्त्र या विद्याशाखांतील प्रकल्प-अहवालांत काय-वर्ग कसोटी आणि प्रचरण विश्लेषण, म्हणजेच अ‍ॅनोव्हा, यांचा वापर रूढ झाला आहे. वर्गात मात्र या कसोट्या बहुधा तयार सारणीपासून सुरू होतात. सारणीतील आकडे कोठून व कसे आले, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरच राहतो. वस्तुतः कसोटीची वैधता त्याच प्रश्नावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे.

काय-वर्ग कसोटी : सूत्र आणि गृहीत

कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग कसोटी मांडली. दोन ओळी व दोन स्तंभांच्या सारणीसाठी त्यांनी स्वाधीनता मात्रा ३ मानली होती. ती १ असावयास हवी, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखविले. कसोटीच्या जनकाकडूनही गृहीताबाबत चूक झाली, ही घटना अध्यापनात सांगण्याजोगी आहे.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस व भातशेती, तर पूर्वेस कल्याण-नगर मार्गावरील आणे पठार पर्जन्यछायेत. तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज यांसारखी कुकडी प्रकल्पाची धरणे असूनही हे उंच पठार कोरडवाहूच राहिले. ‘पूर्व भागातील कुटुंबे रोजगारासाठी अधिक प्रमाणात स्थलांतर करतात काय?’ हा विषय विद्यार्थ्याला साहजिकच सुचेल. केवळ उदाहरणादाखल असे मानू की, दोन्ही भागांतून प्रत्येकी १०० कुटुंबे निवडली. पूर्वेकडील ६० व पश्चिमेकडील ४५ कुटुंबांत स्थलांतर आढळले. काय-वर्गाचे मूल्य ४.५१ येते. स्वाधीनता मात्रा १ असता ५ टक्के पातळीवरील सीमामूल्य ३.८४ असल्याने फरक सार्थक ठरतो. पिअर्सन यांच्या ३ मात्रा धरल्या असत्या, तर सीमामूल्य ७.८१ होऊन तोच फरक असार्थक ठरला असता.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. ही कुटुंबे प्रत्येक भागातील पाच वाड्यांतून, प्रत्येक वाडीतील २० याप्रमाणे घेतली असतील, तर ती परस्परांपासून स्वतंत्र नव्हेत. एका वाडीत पाण्याचा स्रोत एक, मुकादम एक, भाऊबंदही तेच. वाडीअंतर्गत सहसंबंध अवघा ०.०५ मानला, तरी आराखडा-परिणाम १.९५ होतो. त्याने भागल्यास काय-वर्ग २.३१ वर उतरतो आणि सार्थकता नाहीशी होते. जे. एन. के. राव व ए. जे. स्कॉट यांनी १९८१ मध्ये अशा नमुन्यांसाठी दुरुस्ती सुचविली. तिचे गणित पदवी वर्गास जड जाईल हे मान्य. पण ‘निरीक्षणे स्वतंत्र आहेत काय?’ हा प्रश्न विचारण्यास गणिताची आवश्यकता नाही.

प्रचरण विश्लेषण : शेतातून वर्गाकडे

फिशर यांनी रॉथॅमस्टेड येथील कृषी प्रयोगांतून प्रचरण विश्लेषण विकसित केले. आणे पठारावर बाजरीच्या तीन वाणांची तुलना करावयाची झाल्यास त्याचे मर्म चटकन उमगते. वरच्या बाजूस मुरमाड, उथळ जमीन. खाली खोलगट, ओल धरणारी. एक वाण वर व दुसरा खाली पेरला, तर उत्पन्नातील फरक वाणाचा की मातीचा, हे कोणतेही एफ-मूल्य सांगू शकत नाही. म्हणून सारख्या जमिनीचे खंड पाडून प्रत्येक खंडात तिन्ही वाण यादृच्छिक रीतीने पेरावे लागतात. प्रचरणाची विभागणी हे या मांडणीचे फलित होय. पाठ्यपुस्तकी उदाहरणांतून मांडणी गळते आणि केवळ वर्गांची बेरीज उरते.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचे कार्य मोलाचे आहे. व्ही. जी. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला कृषी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९४६ मध्ये, पीक कापणी प्रयोगांत अगदी लहान क्षेत्रखंड वापरल्यास उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. लहान खंडांचा पुरस्कार करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा झालेला वाद प्रसिद्ध आहे. सीमेवरील ताटे आत मोजली जाण्याची ही चूक नमुना कितीही वाढविला तरी दूर होत नाही. महाराष्ट्रात दुष्काळी सवलती दीर्घकाळ पैसेवारीवर, आणि पैसेवारी पीक कापणीवर अवलंबून होती. मापनातील दोष कोरडवाहू गावाला किती महाग पडू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

निष्कर्ष

या कसोट्या अभ्यासक्रमातून वगळाव्यात, असा याचा अर्थ नाही. संगणकामुळे आकडेमोड सुलभ झाली असताना वर्गातील वेळ नमुनानिवड, स्वातंत्र्य व मापन यांकडे वळविता येईल. प्रात्यक्षिक परीक्षेत तयार सारणीऐवजी विद्यार्थ्याने स्वतः जमविलेल्या माहितीचा उगम विचारावा. पी-मूल्यासोबत फरकाचा आकारही नोंदविण्याचा आग्रह धरावा. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या २०१६ मधील निवेदनानेही निष्कर्ष केवळ पी-मूल्याच्या सीमेवर बेतू नयेत, असे बजावले आहे. आणे पठारासारख्या भागाविषयी उपलब्ध अभ्यास मोजकेच असतात. तेथे एका सदोष सारणीवर काढलेला निष्कर्ष तपासण्यास दुसरा अभ्यास बहुधा नसतो. म्हणूनच ग्रामीण महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या शिक्षकावरील जबाबदारी अधिक आहे.