शालेय इतिहास आणि प्रमाणांची प्रत

इतिहासाच्या शालेय पुस्तकांची चर्चा हा अशा त्रैमासिकाचा नेहमींचा विषय नव्हे. पत्रें, महजर, शकावल्या व ताम्रपट यांची छाननी करणाऱ्या वाचकांस चौथी-सातवीच्या पुस्तकांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु संशोधकानें आयुष्य वेंचून सिद्ध केलेली गोष्ट बहुजनसमाजापर्यंत पोंचते ती शालेय पुस्तकाच्याच वाटेनें. त्या पुस्तकांत काय असावें व काय नसावें हें दप्तरांतील पुराव्यापेक्षां राज्यकर्त्यांच्या कलानें ठरतें, असा आरोप आज सर्व पक्ष एकमेकांवर करीत आहेत. या आरोपांत तथ्य किती आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार मराठ्यांच्या इतिहासापुरता येथें करावयाचा आहे.

हा रोग आजचा नाहीं. साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रांट डफचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला व कॅप्टन डेव्हिड केपन यानें केलेलें त्याचें मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत येथील शाळांत आलें. डफचा उद्योग मोठा होता, हें कोणीही निःपक्षपाती मनुष्य नाकारणार नाहीं. पण मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रींत अकस्मात् पेटलेला वणवा, ही त्याची समजूत पुस्तकाबरोबर मुलांच्या मनांत उतरली. तिला पहिलें समर्थ उत्तर नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्यानें १८६८ च्या सुमारास दिलें. त्याच्यापाशीं ना अधिकार होता ना पक्ष. त्यानें डफचीं विधानें एकेक घेऊन तपासलीं. पुढें १८९८ पासून राजवाड्यांचे साधनखंड निघूं लागले व बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ, हा दंडक रूढ झाला. सरकारमान्य पुस्तकांतील पक्षपातास आपल्या पूर्वसूरींनीं दिलेलें उत्तर हें असें प्रमाणांचें होतें.

या दंडकाचा शालेय पुस्तकांनीं कितपत स्वीकार केला, हें पाहण्यास शिवजन्मतिथीचें प्रकरण पुरेसें आहे. चिटणीस बखरीनें दिलेली शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथि पिढ्यान् पिढ्या पाठ केली गेली. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली पुढें आणली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि आहे. १९२७ सालीं दिवेकरांनीं प्रसिद्ध केलेल्या परमानंदाच्या शिवभारतांत तीच तिथि निघाली व जोधपूरकडील जन्मपत्रिकेनेंही तिला दुजोरा दिला. तीन स्वतंत्र स्थळींचीं प्रमाणें जुळल्यावर निर्णयास अडचण नसावी. तथापि १९६६ सालीं शासनानें नेमलेल्या समितींत एकमत झालें नाहीं, आणि नवी तिथि सरकारी रीत्या मान्य होण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. या विलंबापेक्षांही मोठा दोष दुसराच आहे. पूर्वीं मुलें एक तिथि पाठ करीत होतीं, आतां दुसरी पाठ करितात. पहिली कां सुटली व दुसरी कां धरली, जेध्यांच्या घरांतील एका जुनाट कागदानें एवढा पालट कसा घडविला, ही त्यांतली खरी शिकण्यासारखी गोष्ट मात्र त्यांच्या हातीं लागली नाहीं.

दादोजी कोंडदेवांच्या बाबतींत हाच दोष अधिक विकोपास गेला. समकालीन कागदांत दादोजी दिसतात ते सुभेदार म्हणून, वतनाचे तंटे निवडणारे व मुलूख लावणारे कारभारी म्हणून. १६९४ सालच्या सभासद बखरींतही त्यांची नोंद आहे ती शहाजीराजांनीं पुणें प्रांतीं ठेवलेला जाणता कारभारी अशीच. त्यांचें गुरुपद मागाहूनच्या लेखकांनीं क्रमाक्रमानें वाढविलें. पुस्तककर्त्यांनीं तें गुरुपद निःशंकपणें शिकविलें, ही एक चूक. पुढें त्याविरुद्ध चळवळ झाली. २००८ सालीं दादोजींच्या नांवाचा क्रीडा-मार्गदर्शकांचा सरकारी पुरस्कार बंद झाला, २०१० च्या डिसेंबरांत लाल महालांतील त्यांचा पुतळा हलविण्यांत आला, आणि वाद शालेय पुस्तकापर्यंत पोंचला. पहिल्या चुकीचें निरसन करतांना दुसरी चूक घडली ती ही कीं, वादाचें रूप जातीजातींच्या मानापमानाचें झालें. गुरुपदास समकालीन पुरावा नाहीं आणि कारभारास भरपूर पुरावा आहे, हें दोन ओळींचें सत्य दोन्ही बाजूंच्या घोषणांत बुडालें. ज्यांनीं गुरु केलें त्यांनीं बखरीस पत्राचा मान दिला. ज्यांस नांवच नकोसें झालें त्यांनीं पत्रांसही बखरीच्या पंक्तीस बसविलें.

आतां गाळण्याचा प्रकार पाहूं. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या सातवीच्या पुस्तकांत मोगलांचा भाग बराच आटोपता घेऊन मराठ्यांच्या इतिहासास मध्यवर्ती स्थान देण्यांत आलें. स्थानिक इतिहासास अग्रस्थान देणें हें तत्त्वतः गैर नाहीं. २०२३ सालीं मात्र राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या बारावीच्या पुस्तकांतून मोगल दरबारावरील प्रकरणच निघालें. विद्यार्थ्यांवरील भार कमी करणें, हें कारण देण्यांत आलें. मोगलांविषयीं कोणास प्रेम असो वा द्वेष, मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक त्यांस टाळूं शकत नाहीं. १६६५ चा पुरंदरचा तह, १६६६ ची आग्र्याची भेट, १६८१ पासून १७०७ पर्यंत दक्षिणेंत चाललेलें औरंगजेबाचें युद्ध हें तर उघडच आहे. पण १७१९ सालीं शाहू छत्रपतींस मिळालेल्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीच्या शिक्क्याच्या आहेत, आणि पुढील पन्नास वर्षांचें मराठी राजकारण त्या सनदांच्या आधारानें चाललें. दरबारचें अखबार, फर्मानें, फारसी तवारिखा हे कागद वगळले तर मराठ्यांच्या पराक्रमाचे निम्मे साक्षीदारच उठून जातील. शत्रूच्या दप्तरांतील कबुली ही सर्वांत भक्कम साक्ष, हें कोर्टांतला सामान्य वकीलही जाणतो.

भर घालण्यांतील पक्षपात तितकाच सूक्ष्म असतो. २०२५ सालीं त्याच परिषदेच्या आठवीच्या पुस्तकांत मराठी साम्राज्याच्या नकाशांत जैसलमेर समाविष्ट दाखविलें गेलें. तेथील माजी राजघराण्याकडून हरकत येतांच तज्ज्ञांची समिति नेमावी लागली. नकाशा मोठा झाल्यानें कित्येकांस आनंद झाला. प्रस्तुत लेखकासही मराठी राज्याच्या विस्ताराचा अभिमान आहे. परंतु एकाच रंगाचा नकाशा हें या राज्याचें खरें चित्र नव्हे. ज्या मुलखांत कमाविसदार बसून वसूल घेत तो मुलूख वेगळा, जेथून ठराविक खंडणी येई तें संस्थान वेगळें, आणि जेथें फौज केवळ मुलूखगिरीस गेली तो प्रदेश आणखी वेगळा. पेशवे दप्तरांतील हिशेब, खंडणीच्या याद्या व वकिलांचीं पत्रें या तिहींतील भेद लख्ख दाखवितात. तीन रंग वापरले असते तर नकाशाही शिकवितां आला असता व मराठ्यांची राज्यपद्धतिही.

आपला दंडक खरा कीं खोटा, याची कसोटी तो आपणांस अप्रिय ठिकाणीं लावण्यांत आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगाल्यांत उतरल्या. १७४४ सालीं भास्करराम कोल्हटकरांस भेटीस बोलावून अलीवर्दीखानानें घात केला. पुढें १७५१ च्या तहानें सालीना बारा लाख चौथाई व ओरिसाचा वसूल भोसल्यांच्या पदरांत पडला. ही आपली बाजू. बंगाल्याची बाजू गंगाराम नामक कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली हस्तलिखितांत आहे. त्यावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी १७५१, असा काळ पडतो. या स्वाऱ्यांना आरंभीं ईश्वरी आज्ञेचें पाठबळ देणारा हाच कवि पुढें बारगिरांनीं गांवें जाळल्याचें, रयतेस व स्त्रियांस छळल्याचें वर्णन करितो. बारगीर शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो बंगालच्या अंगाईगीतांत भीतीचा शब्द म्हणून राहिला. जें पुस्तक चौथाईचा आंकडा अभिमानानें देतें व गंगारामाची साक्ष दडवितें, त्याला डफच्या पक्षपाताविषयीं बोलण्याचा अधिकार उरत नाहीं. भास्कररामांचा घात बंगालच्या मुलांस ठाऊक असावा, आणि बर्गींचा त्रास महाराष्ट्राच्या मुलांस.

दहा वर्षांच्या मुलास प्रमाणांची प्रत काय समजणार, असा आक्षेप येईल. शेजाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट आणि शंभर वर्षांनंतर ऐकून सांगितलेली गोष्ट यांतील भेद मुलास समजतो. तेवढ्यावर काम भागतें. प्रत्येक प्रकरणाखालीं एक अस्सल पत्र सोप्या मराठींत द्यावें. जेथें विद्वानांत वाद आहे तेथें वाद आहे असें लिहावें. आणि पुस्तकांत फेरबदल झाला तर कोणता मजकूर गेला, कोणता आला व कोणत्या कागदावरून, हें प्रस्तावनेंत नमूद करावें. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. अशी नोंद करणें भाग पडलें म्हणजे पुराव्यावांचून शब्द घालण्यास किंवा काढण्यास कोणताही पक्ष दहा वेळां विचार करील.

हें न केल्याचा परिणाम काय होतो, तें पुण्यानें पाहिलें आहे. एका परकीय लेखकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाच्या रागानें ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या मंदिरावर जमावानें हल्ला केला. त्या पुस्तकांतील मजकूर आक्षेपार्ह होता. परंतु राग निघाला तो ग्रंथांवर व हस्तलिखितांवर. इतिहास म्हणजे छापील वाक्य, असेंच शाळेंत शिकलेल्या मनुष्यास आपल्याच बाजूचा पुरावा त्या कपाटांत आहे हें कसें उमगावें?

या दोषांत आपलाही वांटा आहे, हें कबूल केलें पाहिजे. जेध्यांनीं आपला कागद टिळकांच्या हातीं दिला म्हणून जन्मतिथि उजेडांत आली. आज कित्येक घरांत रुमाल बांधलेले आहेत व ते दाखविण्यास मालक नाखूष असतात. संग्राहकही विकत घेतलेला कागद कुलपांत ठेवितात. न दाखविलेल्या कागदाच्या आधारें कोणतेंही पुस्तक सुधारतां येत नाहीं, आणि रिकाम्या राहिलेल्या जागेंत घोषणा शिरतात. वाचकांपैकीं ज्यांच्यापाशीं असे रुमाल असतील त्यांनीं निदान त्यांची यादी व छायाचित्रें अभ्यासकांस खुलीं करावीं. शालेय पुस्तकांच्या सुधारणेस आपल्या हातून होण्यासारखें हें पहिलें काम आहे, आणि त्यास कोणत्याही सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाहीं.