प्रतिभासंगोपनाची पुस्तके आणि कुरणावरचे मूल : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी ग्रंथव्यवहारात गेल्या काही दशकांत बालसंगोपनपर पुस्तकांचे एक स्वतंत्र दालन निर्माण झाले आहे. गर्भसंस्कारापासून बुद्ध्यंकवृद्धीपर्यंत आणि सुप्त गुणांच्या शोधापासून सर्जनशीलतेच्या विकासापर्यंत अनेक विषय या पुस्तकांत हाताळले जातात. प्रस्तुत लेखात या पुस्तकांच्या उपयुक्ततेचा हिशेब मांडावयाचा नसून त्यांची गृहीतके तपासावयाची आहेत. ही पुस्तके कोणत्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात आणि कोणते मूल त्यांच्या पानांबाहेर राहते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. एकीकडे पेंचचे जंगल, दुसरीकडे कन्हान परिसरातील कोळसाखाणी आणि मध्ये धानाची शेते अशा पारशिवनी तालुक्यात अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, असा विद्यार्थी आपल्या वर्गात अपवाद नसतो.

१. वरदानाची कल्पना

पारशिवनीच्या शेजारी रामटेक आहे. मेघदूतातील रामगिरी तो हाच, अशी विद्वानांत प्रतिष्ठित असलेली परंपरा आहे. याच कालिदासाविषयी एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ज्या फांदीवर बसला तीच तोडणारा मूढ मनुष्य देवीच्या कृपेने एका रात्रीत महाकवी झाला, अशी ती कथा. प्रतिभा ही बाहेरून येते, अकस्मात येते आणि निवडक व्यक्तींनाच लाभते, ही लोकमनातील धारणा या आख्यायिकेत साठवलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात या धारणेला शास्त्राचे रूप मिळाले. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हेरेडिटरी जीनियस' या ग्रंथात कर्तृत्ववान माणसांच्या वंशावळी तपासून प्रतिभा आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले. देवीच्या जागी रक्त आले, एवढाच फरक. त्या घराण्यांत रक्ताबरोबर संपत्ती, ग्रंथसंग्रह आणि ओळखीपाळखीही वारशाने येत होत्या, याचे पुरेसे भान या मांडणीला नव्हते.

लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेला अभ्यास या विचाराचा पुढचा टप्पा होय. बुद्धिमापन चाचणीच्या आधारे सुमारे दीड हजार मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्यात आला. त्यांतील अनेकांनी चांगले यश मिळवले. मात्र नोबेल पारितोषिक एकालाही मिळाले नाही. उलट ज्यांना चाचणीत पुरेसे गुण नाहीत म्हणून वगळले गेले, त्यांपैकी विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. यावरून चाचण्या सर्वथा निरर्थक ठरत नाहीत. मात्र चाचणी मुलाला मापते तेव्हा मापणाऱ्याची दृष्टी मात्र तपासली जात नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

२. तंत्राची कल्पना

दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांनी वरदानाच्या जागी तंत्र आणले. योग्य वयात योग्य उपाय केले की कोणतेही मूल प्रतिभावान होईल, असे आश्वासन ती देतात. वरवर पाहता ही भूमिका अधिक लोकशाहीवादी वाटते. परंतु तिच्यात पुराव्यापेक्षा आश्वासन मोठे होण्याचा धोका असतो. 'मोझार्ट परिणाम' हे त्याचे ठळक उदाहरण. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील एका छोट्या शोधलेखात मोझार्टचे संगीत ऐकल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अवकाशीय तर्कक्षमतेत अल्पकाळ वाढ दिसल्याची नोंद होती. प्रयोगात एकही अर्भक नव्हते आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नव्हता. तरीही बाळाची बुद्धी वाढवणाऱ्या ध्वनिफिती, तबकड्या आणि पुस्तके यांची बाजारपेठ त्यावर उभी राहिली.

आपल्याकडे असे आश्वासन देताना अभिमन्यूचा दाखला दिला जातो. मातेच्या उदरात त्याने चक्रव्यूहभेदाची विद्या ऐकली, ही लोकपरंपरेतील कथा गर्भसंस्काराचे समर्थन म्हणून सांगितली जाते. त्याच कथेत ती विद्या अर्धवट राहिली आणि तो अर्धवटपणाच त्याच्या मृत्यूला कारण झाला, हे मात्र सांगायचे राहून जाते. आरंभीचा संस्कार पुढच्या शिक्षणाची उणीव भरून काढू शकत नाही, असाच या कथेचा खरा अर्थ लावता येईल.

या प्रवाहातील अधिक जबाबदार पुस्तकांचा उल्लेख येथे केला पाहिजे. कॅरोल ड्वेक यांच्या 'माइंडसेट' (२००६) या ग्रंथाने बुद्धी स्थिर नसून प्रयत्नाने वाढते, हा विश्वास मुलांत रुजवण्यावर भर दिला. मुलांवर शिक्के मारण्याच्या सवयीला त्यामुळे काही आळा बसला. परंतु २०१९ मध्ये 'नेचर'मध्येच प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात या उपायाचा सरासरी लाभ अल्प आढळला आणि शाळेतील वातावरण अनुकूल असेल तेथे तो अधिक दिसला. म्हणजे मुलाच्या मनातील विश्वासालाही भोवतालचा आधार लागतो.

३. काव्यशास्त्राचा दाखला

वरदान की तंत्र, हा पेच भारतीय काव्यशास्त्राला अपरिचित नव्हता. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यनिर्मितीसाठी शक्ती, लोक व शास्त्र यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या मार्गदर्शनाखालील अभ्यास या तीन गोष्टी सांगितल्या. लक्षणीय बाब अशी की, हे तीन स्वतंत्र हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असा त्याचा आग्रह आहे. मुलाची शक्ती घरातून आली असे मानले, तरी अवलोकनासाठी जग खुले असावे लागते आणि अभ्यासासाठी जाणकार भेटावा लागतो. या दोन गोष्टी एकट्या पालकाच्या हाती नसतात. प्रतिभासंगोपनाची पुस्तके नेमका हाच भाग गाळतात आणि सारे उत्तरदायित्व घराच्या चार भिंतींत कोंबतात.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन भेद केले. पहिली निर्मात्याची, दुसरी आस्वादकाची. शिक्षणाच्या क्षेत्रात या दुसऱ्या भेदाला फार मोठा अर्थ आहे. मुलातील कारयित्री प्रतिभा फुलायची असेल तर समोरच्या प्रौढाजवळ ती ओळखणारी भावयित्री दृष्टी हवी. टर्मन यांच्या चाचणीत शॉकली आणि अल्वारेझ कमी पडले नव्हते. कमी पडली होती ती भावयित्री. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे पुस्तक मराठी शिक्षकांना इतके जवळचे का वाटले, याचेही उत्तर येथे सापडते. एका शाळेने काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे नव्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी चार तास ऐकत बसतात. तेथे मुलीचे मापन होत नाही. प्रौढाच्या ऐकण्याची कसोटी लागते.

४. कोसबाडचा धडा

मराठीत ही दृष्टी तोत्तोचानच्या आधीपासून आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीवर काम केले आणि महागड्या साधनांऐवजी स्थानिक वस्तूंचा अवलंब केला. १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या आदिवासी परिसरात अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी जे कार्य उभारले, त्यातून अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना साकारल्या. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी. मूल गुरे राखते, तर शाळा कुरणावर भरवावी. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक या दृष्टीने वाचावयास हवे. त्याचा केंद्रबिंदू असामान्य मूल नाही. सामान्य मुलापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःला बदलणारा शिक्षक आहे.

त्याही आधीचा दाखला मुक्ता साळवे हिचा. फुले दांपत्याने चालवलेल्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. धर्म, सत्ता आणि अन्याय यांविषयी इतका निर्भीड प्रश्न विचारणारी ही मुलगी कोणत्याही वंशावळीत किंवा चाचणीत सापडली नसती. तिला थोड्या वर्षांची शाळा मिळाली, एवढेच. आणि तिचा दुसरा निबंध उपलब्ध नाही, हेही तितकेच अर्थपूर्ण आहे. प्रतिभा प्रकट होण्यास एक संधी पुरते. टिकण्यास संधींची साखळी लागते.

समारोप

प्रतिभेविषयीच्या या पुस्तकांतून एक निष्कर्ष न लिहिताही ध्वनित होतो. पहिल्या काही वर्षांत जे झाले नाही ते पुढे होणार नाही. अठराव्या वर्षी महाविद्यालयात प्रथमच ग्रंथालय पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आपण हा निष्कर्ष मान्य केला, तर आपल्या अध्यापनाला अर्थच उरत नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त उपजत प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि यत्न यांनी उपासिलेली वाणी अनुग्रह करतेच, असा दिलासा दिला आहे. तो दिलासा प्रत्यक्षात उतरवण्याचे काम शिक्षकाचे.

म्हणून या प्रकारच्या पुस्तकांचे परीक्षण करताना एक निकष लावणे इष्ट ठरेल. पुस्तक मुलाकडून काय अपेक्षिते, यासोबतच ते प्रौढाकडून काय मागते? जे पुस्तक केवळ मुलाला तपासते ते वर्गाच्या शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा एकदा वगळते. जे पुस्तक आपल्याला ऐकावयास आणि जागेवरून उठावयास लावते, तेच मराठीतील या दालनात टिकण्यास पात्र आहे.