सर्वांत लहान दिवसाच्या दोन कविता

डिसेंबरच्या २१ वा २२ तारखेला उत्तर गोलार्धातील दिवस सर्वांत लहान असतो. त्यानंतर तो पुन्हा वाढू लागतो. प्राचीन रोमन गणनेत हा अयनदिन २५ डिसेंबरला मानला जाई. इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात त्याच तारखेला ख्रिस्तजन्माची नोंद आढळते. साहजिकच परतणारा सूर्य आणि जन्मास येणारा मुक्तिदाता या दोन प्रतिमा ख्रिस्ती काव्यात एकरूप झाल्या. त्या परंपरेतील दोन कविता येथे शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत. आपल्या नाताळ-कवितेला त्यांच्याकडून काही शिकता येईल, असे मला वाटते.

पहिला कवी प्रुडेंशियस. इ. स. ३४८ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने प्रांताधिकारी म्हणून आणि सम्राटाच्या पदरी सेवा केली. सत्तावन्नाव्या वर्षी मागे वळून पाहताना त्याला ही सारी प्रतिष्ठा पोकळ वाटली आणि उरलेले आयुष्य काव्याने देवाची स्तुती करण्यात घालवावे, असे त्याने ठरविले. 'कॅथेमेरिनॉन' या त्याच्या संग्रहातील बारा स्तोत्रांपैकी अकरावे स्तोत्र २५ डिसेंबरचे आहे. त्याचा प्रारंभ जयघोषाने होत नाही, प्रश्नाने होतो. आक्रसत चाललेली आपली वाट सोडून सूर्य आज मागे का वळतो आहे? उत्तर लगेच मिळते: प्रकाशाचा मार्ग वाढविणारा ख्रिस्त जन्मास येत आहे. पुढे सृष्टी बहरते, गव्हाणीपाशी मुकी जनावरे नमतात. परंतु स्तोत्राचा शेवट गव्हाणीपाशी होत नाही. तो न्यायाच्या दिवसापाशी होतो. परतलेला प्रकाश माणसाला उजळतो तसा उघडाही पाडतो, हे या अनुभवी प्रशासकाला पक्के ठाऊक होते. त्याच्या आनंदाला वजन आहे ते यामुळे.

दुसरा कवी जॉन डन. १५७२ साली लंडनमधील एका कॅथलिक घरात त्याचा जन्म झाला. धर्मगुरूला आसरा दिल्यावरून पकडलेला त्याचा भाऊ १५९३ साली तुरुंगात मरण पावला. डन पुढे अँग्लिकन झाला, १६१५ साली त्या पंथाचा धर्मगुरू झाला आणि १६२१ पासून लंडनच्या सेंट पॉल्सचा डीन होता. संत लुसीच्या दिवसावरील त्याची कविता त्याच्या मृत्यूनंतर, १६३३ साली छापली गेली. लुसी हे नाव 'प्रकाश' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. तिचा सण १३ डिसेंबरचा. त्या काळी इंग्लंडचे पंचांग दहा दिवस मागे असल्यामुळे अयनदिन याच सणाच्या आसपास येई. म्हणजे प्रकाशाचे नाव धारण करणाऱ्या संतेच्या दिवशीच वर्षातला सर्वाधिक अंधार!

या कवितेत प्रकाश परत येत नाही. सूर्य मकर राशीत जाईल, तिथून इतर प्रेमिकांसाठी नवी ऊब घेऊन परतेल, हे कवी मान्य करतो. आपल्या वाचकांना मकरसंक्रांतीमुळे ही कल्पना परकी वाटू नये. पण माझा सूर्य मात्र उगवणार नाही, असे तो म्हणतो. जिच्यासाठी हा शोक आहे ती स्त्री कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेकांना ती डनची पत्नी अ‍ॅन वाटते. तिचे निधन १६१७ साली बाराव्या बाळंतपणानंतर झाले. ती कोणीही असो, कवी स्वतःला अभावाचाही अर्क म्हणवून घेतो. इतका गडद अंधार ख्रिस्ती कवीच्या लेखणीतून उतरावा का, असे एखाद्या भाविक वाचकाला वाटेल.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर कवितेच्या शीर्षकात आणि शेवटात आहे. शीर्षकातील 'नॉक्टर्नल' हा शब्द रात्रीच्या धर्मविधीतील प्रार्थनेची आठवण करून देतो. जुन्या उपासनाग्रंथात तिच्या विभागांना 'नॉक्टर्न' म्हणत. शेवटी कवी त्या मध्यरात्रीला मृत प्रियेच्या सणाची पूर्वसंध्या मानतो, तिच्यासाठीचे जागरण मानतो. काळोख तसाच राहतो. पण आता त्यात कोणीतरी जागे आहे. पूर्वसंध्या म्हटले की उद्याचा सण आलाच. घरातल्या कॅथलिक उपासनेचे शब्द डनला शोकाच्या तळाशी सापडले, हे लक्षणीय आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या नाताळ अंकांतील पुष्कळशा कवितांत अंधार पहिल्याच ओळीत पळून जातो; मग तारा चमकतो, मेंढपाळ येतात आणि शेवटी शुभेच्छा. त्या अंधाराची नेमणूक केवळ पळून जाण्यासाठीच झालेली असते. याला एक कारण आहे. लंडनमध्ये त्या दिवशी जेमतेम आठ तास प्रकाश असतो. वसईत सुमारे अकरा. आकाशातला तो अंधार आपण पाहिलेला नाही, तो उसना आणला आहे. मात्र ज्या घरात नोव्हेंबरमध्ये वडिलांना मूठमाती दिली गेली, जिथे वाडी विकली गेली आणि भाऊ भावाशी बोलेनासा झाला, जिथे दारूने स्वयंपाकघर उदास केले, तिथला अंधार उसना नाही. ही माणसेही मध्यरात्रीच्या मिस्साला येतात. पहिल्या ओळीत त्यांचे दुःख संपवून टाकणारी कविता त्यांना दाराबाहेर उभे करते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय याबाबतीत अतिशय काटेकोर आहे. अंधार नाहीसा झाला असे तो सांगत नाही. प्रकाश अंधारातच तेवतो आणि अंधार त्याच्यावर मात करू शकला नाही, असे सांगतो. प्रुडेंशियसने तो प्रकाश गायिला, डनने तो अंधार गायिला. दोघे मिळून ते वचन पूर्ण होते. आपल्या तरुण कवींनी यंदाच्या आगमनकाळात निदान एका घरातला अंधार त्याच्या खऱ्या नावाने लिहावा. मग त्यांच्या कवितेतला तारा त्या घरावरही उगवेल.