पुरवणी आणि दुरुस्ती

संगणकावर खेळावयाच्या एखाद्या खेळाचें परीक्षण साहित्यविषयक मासिकांत कां यावें, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. प्रस्तुत लेखकानेंहि तो स्वतःस केला होता. पंचवीस-तीस वर्षें वर्गांत शेक्सपिअरचीं ऐतिहासिक नाटकें शिकविणाऱ्या मनुष्यानें पन्नाशी उलटल्यावर पडद्यावरच्या लुटुपुटीच्या राज्यकारभारांत रमावें, हें वरवर पाहतां शोभणारें नव्हे. पण गेलीं दोन वर्षें माझा धाकटा मुलगा सुटीच्या दिवशीं ‘क्रुसेडर किंग्ज’ नांवाचा खेळ खेळतो आणि मी शेजारीं खुर्ची ओढून पाहत बसतों. प्रसंगीं त्याच्या हातचें राज्य आपल्या हातीं घेतों आणि बहुधा बुडवितों. ह्या पाहण्या-बुडविण्यांतून जें सुचलें, तें येथें मांडीत आहें.

ह्या खेळाची नवी पुरवणी येणार असें जाहीर झालें, कीं ती हातीं पडण्याच्या कितीतरी आधींपासून तिचे कर्ते तिच्यांत काय काय असेल हें टप्प्याटप्प्यानें लिहून प्रसिद्ध करूं लागतात, व खेळणारे त्यावर काथ्याकूट करितात. पुरवणीला दाम मोजावे लागतात. तिच्या सोबतीला मात्र एक दुरुस्ती येते. ती मूळ खेळ ज्याच्यापाशीं आहे अशा प्रत्येकास फुकट मिळते. खेळणारांच्या बोलींत पहिलीस ‘एक्स्पान्शन’ व दुसरीस ‘पॅच’ म्हणतात. गाजावाजा होतो तो पहिलीचा. दुसरीकडे लक्ष जातें तें कांहीं बिघडलें म्हणजे. माझ्या मतें टीकाकाराचें खरें काम ह्या दुसरीपाशींच आहे. पण तें सांगण्यापूर्वीं हा खेळ आहे तरी काय, हें सांगितलें पाहिजे.

स्वीडनच्या राजधानींत, स्टॉकहोम येथें, पॅराडॉक्स ह्या संस्थेनें तो रचिला. पहिली आवृत्ति २००४ सालीं, दुसरी फेब्रुवारी २०१२ मध्यें व तिसरी १ सप्टेंबर २०२० रोजीं प्रसिद्ध झाली. तिसरींत इ. स. ८६७ किंवा १०६६ ह्या वर्षापासून आरंभ करितां येतो. पुढें ११७८ हेंहि वर्ष जोडलें गेलें. शेवट १४५३ मध्यें, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हातीं गेलें त्या वर्षीं होतो. बुद्धिबळांत आपण एक सबंध सैन्य असतों. येथें आपण एक माणूस असतों. त्याला आईबाप असतात, बायको असते, व्याही, मांडलिक आणि आंतल्या आंत दांत खाणारे चुलतेहि असतात. तो मरतो, आणि त्या क्षणीं आपण त्याचा वारस होतों. जिंकण्याची म्हणून कोणतीहि रेषा आंखलेली नाहीं. बहुतेक राज्यांत आरंभीं वांटणीचाच कायदा चालतो. म्हणून बापानें चाळीस वर्षें खपून जोडलेली भूमि त्याचे डोळे मिटतांच तीन पोरांत वांटली जाते, आणि आतांपर्यंत सर्व भूमीचा धनी असलेला खेळणारा त्या तिघांतला एक होऊन बसतो. उरलेले दोघे आतां त्याचे भाऊ, म्हणजेच शत्रु! भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेनें घडविला तिच्या वाचकांस ह्यावर अधिक भाष्य नको.

तिसऱ्या आवृत्तींतली मला सर्वांत मोलाची वाटलेली कल्पना मनस्तापाची आहे. प्रत्येक व्यक्तीला स्वभावधर्म नेमून दिलेले असतात. कोणी दयाळू, कोणी लोभी, कोणी प्रामाणिक, कोणी भित्रा. दुसऱ्या आवृत्तींतहि ते होते, पण तेथें स्वभाव म्हणजे बहुतांशीं आंकड्यांची बेरीज-वजाबाकी होती. तिसरींत स्वभावाविरुद्ध वागलें कीं त्या माणसाचा मनस्ताप वाढतो. दयाळू राजाला कैद्याचा वध करण्यास कोणी अडवीत नाहीं. राज्याच्या हिताच्या दृष्टीनें तो वध शहाणपणाचाहि असेल. परंतु त्याची किंमत त्याच्या मनावर पडते. निर्दय राजाला तीच गोष्ट सहज पचते. ताप सांचत गेला म्हणजे राजा खचतो, दारूच्या नादीं लागतो किंवा तसाच कांहीं आधार शोधतो, आणि प्रसंगीं त्यांतच त्याचा अंत होतो. खेळणाऱ्याची बुद्धि एकीकडे ओढते व पात्राचा स्वभाव दुसरीकडे. मॅकबेथच्या दुसऱ्या अंकांत आपण जें पाहतों, त्याचें हें अगदीं ओबडधोबड, पण प्रामाणिक रूप आहे. कृतीनें जग बदलतें हें दाखविणारे खेळ पुष्कळ आहेत. कृतीनें कर्ता बदलतो हें दाखविणारे थोडे. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी, कीं ही कल्पना कोणत्याहि पुरवणीनें आणलेली नाहीं. ती मूळ ग्रंथांतच आहे.

उणीव कोठें आहे, हें आमच्याच दख्खनच्या एका खऱ्या उदाहरणानें सांगतों. १०६६ मध्यें कल्याणीच्या गादीवर चालुक्य राजा पहिला सोमेश्वर होता. दोन वर्षांनीं असाध्य आजारास कंटाळून त्यानें तुंगभद्रेंत देह सोडला. थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर राजा झाला. १०७६ मध्यें धाकट्या विक्रमादित्यानें त्यास पदच्युत करून गादी घेतली व स्वतःच्या नांवें शकहि सुरू केला. हें सारें ह्या खेळांत जसेंच्या तसें घडूं शकतें. तासाभरांत दोनदां घडेल. परंतु खऱ्या इतिहासांत ह्यापुढें आणखी एक मनुष्य येतो. काश्मीरहून आलेला बिल्हण कवि ह्या विक्रमादित्याच्या आश्रयास राहिला व त्यानें ‘विक्रमाङ्कदेवचरित’ रचिलें. बुल्हर यांनीं तें १८७५ मध्यें मुंबईहून प्रसिद्ध केलें. त्या काव्यांत बाप आधीं धाकट्यासच युवराज करूं पाहतो, धाकटा थोरल्याचा मान राखून नकार देतो, आणि पुढें प्रत्यक्ष शंकराची आज्ञा होते तेव्हां कोठें तो भावाची गादी घेतो. केवढी ही खटपट! जें बळानें झालें तें धर्मानें झालें असें म्हणवून घेण्याची गरज त्या पराक्रमी राजास वाटली, ह्यांतच मध्ययुग आहे.

खेळाच्या कर्त्यांना ही जागा रिकामी आहे हें जाणवलें नव्हतें असें नाहीं. २०२४ च्या मार्चमध्यें ‘लेजेंड्स ऑफ द डेड’ ही पुरवणी व तिची जोडीदार दुरुस्ती मिळून राजाची वैधता आणि घराण्याच्या आख्यायिका ह्या दोन गोष्टी खेळांत आल्या. राजानें आख्यायिका रचवावी, ती देशोदेशीं पसरवावी आणि तीवर आपला मोठेपणा वाढवावा, असा प्रकार. दिशा योग्य, पण हातीं काय आलें? आख्यायिका तेथें साथीच्या रोगासारखी नकाशावर पसरते, आणि जितकी पसरेल तितका लाभ. बिल्हणाच्या श्लोकांमागें धाकट्या भावाचा जो अवघडलेपणा ऐकूं येतो, त्याचा तेथें मागमूस नाहीं. मनस्तापाची कल्पना ज्यांनीं इतक्या नेटकेपणानें योजिली, त्यांना ती ह्या आख्यायिकेशीं जोडतां आली असती. खोटी कथा सांगणाऱ्या प्रामाणिक राजाला रात्रीं झोंप येऊं नये, एवढेंच पाहिजे होतें.

आतां पुरवणी व दुरुस्ती ह्यांच्या नात्याकडे वळतों. २०१४ च्या मार्चमध्यें दुसऱ्या आवृत्तीची ‘राजाज् ऑफ इंडिया’ ही पुरवणी निघाली आणि हिंदुस्थान प्रथमच ह्या खेळाच्या नकाशावर आला. नकाशा वाढला तो फुकट दुरुस्तीनें, सर्वांसाठीं. हिंदु, जैन वा बौद्ध राजा होऊन खेळावयाचें असेल तर मात्र दाम मोजून पुरवणी घ्यावी लागे. म्हणजे ज्यानें ती घेतली नाहीं त्याच्या पडद्यावरहि मान्यखेट होतें, कल्याणी होती, चोळ होते. त्यांच्याशीं लढतां येत होतें, पण त्यांच्यापैकीं होतां येत नव्हतें. हा न्याय केवळ आम्हांलाच लाविला असेंहि नाहीं; मुसलमान राजांचें आसन २०१२ च्या पुरवणीनें व उत्तरेकडील मूर्तिपूजक सरदारांचें २०१३ च्या पुरवणीनें मोकळें झालें होतें. परिणाम मात्र विचार करण्यासारखा आहे. मूळ किंमतींत जें दृष्टिस्थान मिळे तें ख्रिस्ती राजाचें. इतर सर्व जग त्या खिडकींतून दिसे. व्यापाराच्या सोयीसाठीं केलेली एक व्यवस्था नकळत इतिहासाविषयींचें मत होऊन बसली. तिसऱ्या आवृत्तींत ह्या तिन्ही प्रकारचे राजे आरंभापासूनच सर्वांस खुले झाले, ही मी ह्या कर्त्यांची सर्वांत मोठी दुरुस्ती समजतों, मग तिला ‘पॅच’ हें नांव नसो.

पुरवण्यांचा ग्रंथ आपणांस नवा नाहीं. परंपरेप्रमाणें व्यासांचें मूळ आठ हजार आठशें श्लोकांचें, मग चोवीस हजारांचें आणि शेवटीं लक्षश्लोकी महाभारत झालें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ मध्यें हातीं घेतलेलें त्याच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९६६ मध्यें पुरें झालें. प्रक्षेप वेगळे करण्यास एवढा काळ लागला! पण त्या पुरवण्या घालणाऱ्यांनीं ऐकणाऱ्यांत दोन वर्ग पाडले नाहींत. कथेकऱ्यानें विराटपर्व सुरू केलें म्हणजे तें सभेंतल्या शेवटच्या माणसासहि ऐकूं जाई. दुसरें उदाहरण दुरुस्तीचें. ज्ञानेश्वरी १२९० सालची, म्हणजे ह्या खेळाच्या कालमर्यादेंतलीच. पुढें तिचे पाठ बिघडले, आणि एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ती शुद्ध करून दिली. शुद्ध करतांना त्यांनीं तींत स्वतःची भर घातली नाहीं, व इतर कोणीं घालूं नये अशी तंबीहि दिली. दुरुस्ती ही सर्वांची असते आणि ती मूळाशीं बांधलेली असते, एवढें ह्यावरून घेतां येईल. खेळाचा ‘पॅच’ मात्र नेहमींच इतका निरपेक्ष नसतो. पुष्कळदां तो पुढच्या पुरवणीसाठीं आधीं बांधून ठेवलेला ओटा असतो, आणि तो बांधतांना जुन्या घराच्या भिंती हलतात. चालू डाव नव्या दुरुस्तीनंतर चालेलच असा भरंवसा नसतो.

डच इतिहासकार होइझिंगा यांनीं १९१९ मध्यें उत्तर मध्ययुगावर ग्रंथ लिहिला व १९३८ मध्यें क्रीडेवर. दोन्ही विषय एकाच माणसास सुचावे, ह्यांत मला योगायोग वाटत नाहीं. क्रीडेचें रिंगण व तिचे नियम आधीं मान्य झालेले असतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा एक मुख्य भाग. ह्या खेळांत रिंगण डाव चालू असतां बदलतें. म्हणून कोणती प्रत वाचून मी हें परीक्षण लिहितों आहें, हें सांगणेंच मला कठीण झालें आहे.

सर्वांत अवघड उदाहरण २०२४ च्या सप्टेंबरांतील ‘रोड्स टु पॉवर’ ह्या पुरवणीचें आहे. तोंपर्यंत नियम असा होता, कीं शेवटची भूमि हातची गेली कीं खेळ संपला. ह्या पुरवणीनें भूमिहीन साहसी पुरुष होऊन खेळण्याची मोकळीक दिली. राज्य गेलेला राजा आतां चार सोबती घेऊन रानोमाळ भटकतो, इतरांचीं कामें पत्करतो, आणि जमल्यास पुन्हां गादी मिळवितो. ही भर मला मनापासून आवडली. वनपर्वाशिवाय पांडव कोण? नळाची कथाहि द्यूतांत राज्य गेल्यावरच सुरू होते. दुसरी कोणतीहि पुरवणी घेतली तरी ती जगांत वस्तु वाढविते, प्रदेश वाढविते. २०२५ च्या ऑक्टोबरांतील पुरवणीनें तर नकाशा चीन, कोरिया आणि जपानपर्यंत नेला. ही एकच अशी, कीं जिनें शेवटाचा अर्थ बदलला. पण म्हणूनच प्रश्न उरतो. ज्यानें ती विकत घेतली त्याच्यासाठीं पराभव म्हणजे वनवास. ज्यानें घेतली नाहीं त्याच्यासाठीं अजूनहि मृत्यु. एकाच नाटकाचा पांचवा अंक महागड्या तिकिटाच्या प्रेक्षकांस एक व मागच्या बांकावरच्यांस दुसरा दाखविला, तर नाटककाराचा अभिप्राय कोणता समजावा? नवीं चिलखतें, नवे दरबार, हत्ती आणि शिकारी ह्यांचे दाम खुशाल घ्यावे. कारागिरांनाहि पोटें आहेत, आणि त्याच पैशावर फुकट दुरुस्त्या निघतात हें मी विसरलेलों नाहीं. परंतु जें मूळ कथेचा शेवट बदलतें, तें दुरुस्तींत यावयास हवें होतें.

पुढची जाहीर होणारी जोडी दख्खनकडे वळेल काय, हें मी उत्सुकतेनें पाहत आहें. चीन-जपानवर जी मेहनत झाली तिच्या मानानें आमचा मुलूख मागेंच राहिला आहे. नकाशावर मराठी म्हणून रंगविलेला प्रांत आहे, पण देवगिरीच्या दरबारास देवगिरीचा असा कांहीं वास नाहीं. तोंवर मुलाचा डाव चालूच आहे. त्याचा यादव राजा साठीला टेकला आहे, मुलगे तीन आहेत, आणि वांटणी टाळण्यासाठीं घराण्याची कीर्ति खर्चून थोरल्यास वारसांतून वगळावें काय, असें तो गेल्या रविवारपासून मला विचारीत आहे. घरांत तो स्वतः धाकटा आहे, म्हणून मी अद्याप कौल दिलेला नाहीं.