सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी उपाहारगृहे : स्वीकार आणि नकार

हायमिंग लिउ यांचा ‘फ्रॉम कॅन्टन रेस्टॉरंट टु पांडा एक्स्प्रेस’ (२०१५) हा ग्रंथ अमेरिकेतील चिनी खाद्यसंस्कृतीचा इतिहास मांडतो. त्याच्या शीर्षकातील आरंभबिंदू सॅन फ्रान्सिस्कोत आहे. सुवर्णशोधाच्या काळात, १८४९ मध्ये, जॅक्सन स्ट्रीटवरील कॅन्टन रेस्टॉरंट हे केवळ भोजनगृह नव्हते. त्याच वर्षी चिनी स्थलांतरितांची सभाही तेथे भरली. अन्नाला समाजेतिहासाचे साधन मानणारी दृष्टी हे या ग्रंथाचे सामर्थ्य होय.

मात्र, एका उपाहारगृहापासून देशव्यापी साखळीपर्यंत जाणारे हे शीर्षक प्रगतीची सरळ रेषा सूचित करते. प्रत्यक्षात ती रेषा कायद्याने वारंवार वळविली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचा प्रवेश रोखला. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती. १९१५ च्या न्यायालयीन निर्णयानंतर उपाहारगृहाच्या मालकासही व्यापारी मानले जाऊ लागले. साहजिकच अनेकांनी भांडवल एकत्र करून, आळीपाळीने व्यवस्थापक होऊन आप्तांना आणण्याचा मार्ग शोधला. उपाहारगृहांची वाढ ही लोकरुचीइतकीच कायद्यातील या पळवाटेचीही निष्पत्ती होती.

१९०६ च्या भूकंपानंतर चायनाटाऊन हलविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा व्यापाऱ्यांनी पॅगोडासदृश छपरे उभारून वस्ती पर्यटकांसाठी आकर्षक केली. १९४३ मध्ये बंदी उठून नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. पण प्रवेशाची वार्षिक मर्यादा अवघी १०५ ठरली. चॉप सुई चवीने खाणाऱ्या समाजाने ती रांधणाऱ्यास दीर्घकाळ परकेच ठेवले. म्हणून पदार्थाची लोकप्रियता हा माणसाच्या स्वीकाराचा पुरावा मानता येत नाही.