तायप्पाचे लुगडे

राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली आला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा त्यास आधार आहे. देवीची आज्ञा म्हणून तायप्पा या तरुणास लुगडे नेसवून जोगता करण्यात येते. मनाने तो पुरुषच. म्हणून ते वस्त्र त्याला क्षणोक्षणी जाळते. उपेंद्र लिमये यांनी ही तगमग उत्तम वठविली आहे. चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अंधश्रद्धेचे विदारक चित्र म्हणून आमच्या सुशिक्षित वर्गाने त्याची वाखाणणी केली. ती रास्तच होती. परंतु आमच्या मते त्या वाखाणणीत कृतीचा अर्धाच अर्थ ध्यानी घेतला गेला.

तायप्पाच्या दुःखाचे मूळ लुगड्यात नाही. आमच्या जामसंडे-देवगडकडील जत्रांतून दशावतारी नट रात्रभर स्त्रीभूमिका करतात. लुगडे त्यांस छळीत नाही, कारण ते त्यांनी आपखुशीने नेसलेले असते. तायप्पास छळते ती बळजोरी. ‘तू कोण आहेस हे तुला नव्हे, आम्हांस ठाऊक’ हा समाजाचा दावा त्याला मोडून टाकतो. एवढे मान्य केल्यावर प्रश्न उलटा करून विचारणे प्राप्तच आहे. जिला पुरुष म्हणून वाढविले, पण जिचे आत्मभान स्त्रीचे आहे, तिने पुरुषच राहावे असा हट्ट धरला तर? तेथे आमची सहानुभूती एकाएकी का आटावी?

‘जोगवा’ हे विचारीत नाही. त्याची सारी करुणा तायप्पाच्या पुरुषत्वाकडे वळलेली आहे. ही उणीव लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या आत्मकथनाने भरून निघते. ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरातील हे मूल गोंधळून अशोक राव कवी यांजकडे गेले, तेव्हा त्यांनी औषध सांगितले नाही. तुझ्यात विकृत असे काही नाही, तू शिक, असा धीर दिला. पुस्तकातील हा प्रसंग लहानसाच, पण आमच्या मते त्याचे मोल सर्वांत अधिक आहे.

असा धीर न मिळता ‘सुधारणा’ वाट्यास आली म्हणजे काय होते? अमेरिकेत २०१५ साली २७,७१५ पारलिंगी प्रौढांची पाहणी झाली. तीवरील प्रबंधात असे आढळले की, ज्यांचे लिंगभान पालटण्याचा प्रयत्न झाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक होती; दहा वर्षांच्या वयाआधी तसे घडले असल्यास चौपटीहून अधिक. पाहणी आठवणींवर आधारलेली असल्याने तीवरून कार्यकारणभाव निर्विवाद ठरत नाही, हे खरे. तथापि प्रयत्न करणारा धर्मोपदेशक होता की व्यावसायिक तज्ज्ञ, याने परिणामात लक्षणीय भेद दिसला नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. देवरशाला हसणारा पिता आपल्या मुलास ‘सुधारण्यासाठी’ तज्ज्ञाच्या दारी नेतो, तेव्हा तो जोगता करणाऱ्यांहून फार निराळा राहत नाही.

हेतू मायेचा असतो, असे कोणी म्हणेल. असेलही. जोगता करणारेदेखील आपण पुण्यकृत्यच करतो असे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली संमत झालेल्या रोगसूचीने पारलिंगी असणे मानसिक विकारांतून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी असे ‘उपचार’ मना करण्याचे आदेश दिले, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. जो रोग नव्हे, त्याचे औषध कसले द्यावयाचे? औषध हवे असेल तर ते तिरस्काराने, एकाकीपणाने व घरच्यांच्या अबोल्याने खचलेल्या मनास हवे. आणि ते देणाऱ्या वैद्याने प्रथम रुग्णाचे नाव त्याने सांगितले तेच घ्यावे.

‘जोगवा’ पाहून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनी तो या दृष्टीने पुन्हा एकवार पाहावा. तायप्पाच्या अंगावर लादलेले लुगडे ज्यास असह्य वाटले, त्यास आपल्या घरातील लेकीवर लादलेला सदराही तितकाच असह्य वाटला पाहिजे.