बोरघाटाची कसोटी : टर्बो सेडानमधील मॅन्युअल-ऑटोमॅटिक वादाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीत साहित्यसमीक्षेला दीर्घ परंपरा आहे. नाट्य व चित्रपटसमीक्षाही स्थिरावली आहे. मोटारींविषयीच्या लेखनाकडे मात्र आपण अद्याप समीक्षा म्हणून पाहत नाही. वस्तुतः वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येणारे गाड्यांचे परीक्षण हेही मूल्यनिर्णय करणारे लेखन आहे. त्यात निकष असतात, अभिरुची असते आणि पूर्वग्रहही असतात. या लेखनातील एक जुना वाद प्रस्तुत लेखाचा विषय आहे. टर्बोचार्जर बसविलेल्या वेगवान सेडान गाडीला हाताने टाकावयाचा गिअर असावा की तो स्वयंचलित असावा, हा तो वाद होय.

एका पक्षाचे म्हणणे असे की, क्लच आणि गिअर चालकाच्या ताब्यात असल्याखेरीज गाडी 'चालवली' असे म्हणताच येत नाही. फार तर तीत बसून प्रवास केला, एवढेच म्हणता येईल. दुसरा पक्ष घड्याळ पुढे करतो व यंत्र माणसापेक्षा लवकर गिअर बदलते, एवढ्यावर प्रकरण मिटवतो. या दोन्ही पक्षांचे निकष युरोपातील शर्यतीच्या धावपट्टीवरून आलेले आहेत, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खालापूर-कर्जत परिसरात राहणाऱ्या माणसाला मात्र वेगळी धावपट्टी उपलब्ध आहे. तिचे नाव बोरघाट. खोपोली सोडली की काही किलोमीटरांत रस्ता साधारण पाचशे मीटर चढतो, आणि परतताना तेवढाच उतरतो. आपल्यापैकी अनेक प्राध्यापक पुण्याहून या बाजूला येऊन-जाऊन नोकरी करतात. त्यामुळे ही कसोटी वाचकांना अपरिचित नाही.

'आरएस'ची वाटचाल :

या वादाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया. २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथून या कंपनीने भारतात सुरुवात केली. २००४ मध्ये ऑक्टाव्हियाची 'आरएस' ही आवृत्ती येथे आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस शक्ती आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असे तिचे स्वरूप होते. (काटेकोरपणे पाहता ही गाडी सेडान नव्हे, तिचा मागचा दरवाजा काचेसह वर उघडतो. पण आपल्याकडे ती सेडान म्हणूनच ओळखली गेली, आणि समीक्षकाने अशा ठिकाणी लोकांच्या भाषेबरोबर राहावे.) २०११ मध्ये लॉरा या नावाने पुढची आवृत्ती आली, ती १६० पीएस आणि सहा गिअर मॅन्युअल. २०१७ ची आवृत्ती २३० पीएसची होती. तीत मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. दोन क्लचचा, सहा गिअरचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स तेवढा होता. २०२० मध्ये २४५ पीएसच्या अवघ्या २०० गाड्या आणि २०२५ मध्ये २६५ पीएसच्या अवघ्या १०० गाड्या पूर्णतः आयात करून विकल्या गेल्या. त्याही डीएसजीच.

या वाटचालीचा अर्थ लावताना मॅन्युअलचे चाहते हळवे होतात. भारतीय ग्राहक आळशी झाला, डावा पाय उचलण्याचेही त्याला जिवावर येते, असा एकूण सूर असतो. हा निष्कर्ष उपलब्ध पुराव्यातून निघत नाही. २०१७ ची हीच गाडी युरोपात दोन्ही गिअरबॉक्ससह मिळत होती. आपल्याकडे एकच आली. ज्या ग्राहकापुढे दुसरा पर्याय ठेवलाच गेला नाही, त्याने तो नाकारला असे कसे म्हणावे? याउलट पुरावा चाकणचा आहे. तेथे तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हा १.५ लिटर टर्बो इंजिनासोबत फक्त डीएसजी होता. वर्षभराने, २०२३ मध्ये, कंपनीने त्याच इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स जोडून दिला. मागणी अजिबात नसती तर कोणतीही कंपनी हा खटाटोप करती ना. त्याच वर्षी आलेल्या ह्युंदाई व्हर्नाच्या १६० पीएस टर्बो इंजिनालाही दोन्ही पर्याय होते. २०२० च्या व्हर्ना टर्बोला मात्र केवळ स्वयंचलित होता. म्हणजे प्रवाह एकाच दिशेने वाहतो आहे, हे गृहीतक तपासून घेण्याची गरज आहे.

आळसाच्या सिद्धान्ताला आणखी एक अडचण आहे. सर्वसामान्य भारतीय कुटुंबात ऑटोमॅटिक गाडी शिरली ती वेगवान सेडानच्या दारातून नव्हे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओत स्वस्त एएमटी गिअरबॉक्स आला आणि ऑटोमॅटिक ही श्रीमंतांची चैन राहिली नाही. क्लच दाबून गुडघे दुखावलेला शिक्षक, उतारवयात गाडी शिकलेली गृहिणी, एका पायाने अधू असलेला कारकून यांना त्यामुळे स्वतःची गाडी स्वतः चालवता आली. या माणसांनी गाडी 'चालवली' नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या समीक्षकाला आहे, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास पडतो.

टर्बो आणि गिअर यांचे नाते :

खोपोलीकरांना टर्बाइन हा शब्द नवा नाही. लोणावळ्याकडील धरणांचे पाणी घाटाखाली आणून त्याच्या जोरावर चाके फिरविणारे टाटांचे वीजकेंद्र येथे १९१५ पासून उभे आहे. मोटारीतील टर्बोचार्जरचे तत्त्व त्याहून फारसे निराळे नाही. पाण्याऐवजी येथे इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक इंजिनात जादा हवा कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले होते. वाया जाणाऱ्या शक्तीचा असा उपयोग केल्यामुळे लहान इंजिनही मोठ्या इंजिनाचे काम करते.

यात एक अट आहे. धुराचा जोर टिकला तरच टर्बाइनचा वेग टिकतो. मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना चालक ॲक्सिलरेटर सोडतो, क्लच दाबतो, दांडी सरकवतो आणि पुन्हा ॲक्सिलरेटर देतो. तेवढ्या क्षणात टर्बाइन मंदावते व गाडी दम घेते. ज्यांनी खोपोलीहून वर जाताना वळणावर तिसऱ्याचा दुसरा गिअर केला आहे, त्यांना हा 'दम' ठाऊक आहे. डीएसजीसारख्या गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्या क्लचवर असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा जोडून तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो. त्यामुळे चाकांकडे जाणारा जोर तुटत नाही आणि टर्बाइनही मंदावत नाही. १९८० च्या दशकात पोर्शेने ही रचना शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने ती सर्वसामान्य उत्पादनात आणली. तेव्हा टर्बो इंजिन आणि दुहेरी क्लच यांची जोडी यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे, हे मॅन्युअलच्या समर्थकांनी मान्य करावयास हवे. चढणीवर घड्याळवाल्या पक्षाचेच म्हणणे खरे ठरते.

कर्जत स्थानकावर अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिने लागतात, ती रेल्वेच्या ३७ ला १ या चढासाठी. ती इंजिने लावेपर्यंत गाडी थांबते आणि प्रवासी वडापाव घेतात. मॅन्युअल गाडीचा गिअर बदलताना होणारा खोळंबा हे त्याचेच सूक्ष्म रूप म्हणता येईल. फक्त त्यात वडापावाला अवधी मिळत नाही.

उतार आणि कोंडी :

परंतु घाट म्हणजे केवळ चढ नव्हे, आणि येथेच वाहनसमीक्षेचे लक्ष कमी पडते. परीक्षणे चढाविषयी भरभरून लिहितात, उताराविषयी एखादे वाक्य. घाटाने माणसे घेतली आहेत ती प्रामुख्याने उतारावर. डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडणे, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येणे, ब्रेक तापून निकामी होणे ही साखळी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यातूनच आला.

वेगवान सेडानचा चालक स्वतःला या नियमापलीकडचा समजतो. तसे समजण्यास आधार नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जो रोध करते, तो बव्हंशी इंजिनाच्या आकारमानावर अवलंबून असतो. टर्बोमुळे १.५ लिटरचे इंजिन जोर देताना मोठे होते, पण रोध करताना ते १.५ लिटरचेच राहते. म्हणजे शक्ती वाढली, ती रोखून धरण्याची क्षमता तेवढी वाढली नाही. अशा गाडीला उतारावर खालचा गिअर अधिकच आवश्यक ठरतो. स्वयंचलित गाडी 'डी'मध्ये ठेवून पाय उचलला, तर इंधन वाचवण्याच्या हिशोबाने संगणक पुष्कळदा वरचा गिअर घेतो. काही गाड्यांत उतार ओळखून गिअर खाली आणण्याची सोय असते. पण पुढचे वळण किती अवघड आहे, त्यापलीकडे कंटेनर आडवा उभा आहे का, हे गिअरबॉक्सला दिसत नाही. त्याला चाकांचा वेग आणि पायाचा दाब कळतो. वळण माणसाला दिसते.

मॅन्युअलच्या बाजूने मांडता येईल असा हा सर्वांत बळकट मुद्दा होय. मात्र तो मांडताना त्याचे समर्थक एक चूक करतात. पुढचे पाहून गिअर ठरवण्याचे कौशल्य ते डाव्या पायात असल्याचे मानतात. हे कौशल्य डोळ्यांत व अंदाजात असते. डीएसजीचा चालकही स्टिअरिंगमागची पट्टी ओढून दुसरा गिअर धरून ठेवू शकतो. तो तसे करीत नाही, कारण त्याला कोणी ते शिकवलेले नाही आणि विकणाऱ्याने पट्टीचा उपयोग वेग वाढवण्यासाठी असतो असे सांगितलेले असते.

तिसरी कसोटी कोंडीची. शनिवार-रविवार किंवा सलग सुट्ट्या आल्या की द्रुतगती मार्गावर घाटात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. १८३० साली बांधलेला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, तरी कोंडीचे दिवस संपले नाहीत. अशा वेळी ऑटोमॅटिक घेणाराच सुखी, असा समज आहे. येथे गिअरबॉक्सची जात पाहावी लागते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत शक्ती तेलातून जाते. ती निमूट सरकते. चाकणच्या १.५ लिटर गाड्यांतील सात गिअरच्या डीएसजीचे क्लच मात्र कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. चढावर इंच-इंच सरकताना ते अर्धवट धरून घासत राहतात आणि तापतात. पुन्हा या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटरची, आणि इंजिनाचा जोरही नेमका २५० न्यूटन मीटरचा. याच कुळातील गिअरबॉक्सच्या दोषांमुळे मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर सुधारणा झाल्या. तरीही कोरड्या क्लचचा भौतिक स्वभाव बदलत नाही. मॅन्युअल गाडीचा क्लचही असाच कोरडा असतो आणि 'हाफ क्लच'वर गाडी धरणारा तो तितकाच जाळतो. फरक इतकाच की, तेथे जळका वास आला की चालकाला आपली चूक कळते, येथे यंत्राची चूक समजून तो कंपनीला दोष देतो. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचे अंतर पडू द्यावे, मग एकदाच सरकावे, ही साधी युक्ती दोन्ही गाड्यांना लागू पडते. प्रस्तुत लेखकाने आजवर वाचलेल्या परीक्षणांत ती क्वचितच आढळली.

कौशल्याचा प्रश्न :

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला मरण मिळाले, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर आजही तेथे हात जोडून नाणे टाकतात. वाट ठाऊक असणाऱ्याचा उपयोग करून घ्यायचा आणि रस्ता तयार झाला की त्याला विसरायचे, ही कथा गिअरच्या वादात वारंवार आठवते. जुन्या चालकाचे जे ज्ञान होते, त्याचा बराच भाग आता गिअरबॉक्सच्या संगणकात गेला आहे. पण सगळा गेलेला नाही, आणि जो गेला नाही तोच उतारावर लागतो.

ते ज्ञान पुढच्या पिढीला देण्याची व्यवस्था पाहिली तर विसंगती नजरेत भरते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीसाठी 'गिअरसह' आणि 'गिअरविना' असे दोन वेगळे परवाने आहेत. मोटारीसाठी असा भेद नाही. हलके वाहन हा एकच वर्ग आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलेल्यास मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे ज्याने आयुष्यात क्लच दाबलेला नाही, त्याला कायद्याने १५० पीएसची मॅन्युअल गाडी घेऊन पहिल्याच दिवशी बोरघाटात शिरता येते. आणि उलट बाजूने, छोट्या मॅन्युअल गाडीवर सपाट मैदानात शिकलेला तरुण डीएसजी घेतो, तेव्हा उतारावर खालचा गिअर धरण्याची गरजच उरली नाही असे मानून बसतो. कुठली गाडी श्रेष्ठ यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी या दुसऱ्या तरुणाविषयी काही लिहिले असते, तर त्यांच्या समीक्षेचा या तालुक्याला अधिक उपयोग झाला असता. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकवणीत खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा एक उतार, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर कमीत कमी पाय ठेवून, एवढा एक धडा घालता येण्याजोगा आहे. त्याला टर्बोही लागत नाही.